‘नजर फिरवा’ हा काय उपचार झाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्ट्रोकला 6 महिने उलटले की गेलेली नजर फारशी परतत नाही, हे लिहून मी लोकांची उमेद मोडली, तुमच्या बाबांना दुसऱ्या महिन्यात सुरू केलेल्या कॉम्प्युटरच्या व्यायामांनी फरक पडला, आणि ‘नजर फिरवायला शिका’ ही उपचाराच्या नावाखाली नुसती समजूत घालणं आहे.

बाबांना फरक पडला, याचा आनंदच आहे. पण पहिल्या 3 महिन्यांत काही जणांची नजर आपोआपही सुधारते, त्यामुळे श्रेय व्यायामांचंच, असं म्हणता येत नाही. 2005 मध्ये जर्मन संशोधकांनी अशा व्यायामांच्या आधी आणि नंतर, रुग्ण नेमकं कुठे बघतोय हे थेट डोळ्याच्या पडद्यावर पाहत तपासणी केली, तर अंध भाग जवळपास होता तेवढाच निघाला. साध्या फील्ड टेस्टमध्ये (किती भाग दिसतो हे मोजणारी तपासणी) नजर नकळत त्या बाजूला सरकली, तरी सुधारणा झाल्यासारखं दिसतं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या क्रिस्टेल हक्सलिन यांच्या गटाचं काम मात्र मी मानते. अंध भागातली हालचाल ओळखायला त्यांनी रुग्णांना शिकवलं. पण त्याला महिनोन्‌महिने रोजचा सराव लागतो आणि फायदा मुख्यतः सराव केलेल्या जागेपुरताच होतो. एवढ्या भांडवलावर कुणी महागडं पॅकेज विकत असेल, तर टेस्टच्या वेळी डोळा स्थिर होता हे कसं तपासलं, ते आधी विचारा.

आता बाबांचं वाचन. इजा मेंदूच्या डाव्या बाजूला, म्हणून दोन्ही डोळ्यांना उजवी बाजू दिसत नाही. चष्मा बदलून काय होणार? ‘पेपर वाचायचा कंटाळा करतात’ असं तुम्ही लिहिलंय. तो कंटाळा नसावा. मराठी घ्या की गुजराती, आपण डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्यांना शब्दाचा शेवटच दिसत नाही. ‘घरात’, ‘घरातून’, ‘घरासमोर’, सगळं नुसतं ‘घर’. वाक्य लागणार कसं? आधी शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर नजर टाकायची आणि मग वाचायचं, हा सराव करून घ्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ‘रीड-राइट’ या वाचनाच्या ऑनलाइन सरावात उजवीकडून डावीकडे सरकणारा इंग्रजी मजकूर वाचायला देतात. मराठीसाठी मी टीव्हीवर बातम्यांखाली सरकणारी पट्टी वाचायला सांगते. (हा माझा जुगाड, त्याची चाचणी कुणी केलेली नाही.)

रस्त्यावर तर ‘समजूत घालणं’ कामाचं नाहीच. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्त्यात पाऊल टाकलं की पहिली गाडी येते ती उजवीकडून. संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारात बाबा उतरतील तेव्हा नेमकी तीच बाजू गायब. बहुतेक रुग्ण अंध बाजूला डोळ्यांच्या छोट्या छोट्या उड्या मारत चाचपडतात. शिकायचं असतं ते उलट: डोळ्यांची एकच मोठी झेप पार टोकापर्यंत, मग सावकाश माघारी. ताटातली वाटी शोधताना, जिना उतरताना, दिवसभर हे घोटून घ्यावं लागतं. 2019 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) याचाही पुरावा तोकडाच ठरला, पण जगणं थोडं सोपं होण्याची शक्यता तिथे या सरावाच्या बाजूने नोंदवली आहे. नजर परत आणण्याच्या व्यायामांबद्दल ठाम काही सांगता आलेलं नाही.

चष्म्यावर लावायचे प्रिझम (न दिसणाऱ्या बाजूचं दृश्य दिसणाऱ्या बाजूला सरकवणारी भिंगं) काहींना उपयोगी पडतात, विचारून बघा. आणि स्कूटरची किल्ली तुमच्याकडेच ठेवा, बाबा कितीही चिडले तरी.