‘मनापासून सेवा करणारा थकत नाही’ हे खरं नाही

नर्स, समुपदेशक, समाजकार्यकर्ते, शिक्षक, हेल्पलाइनवर बसणारे स्वयंसेवक अशा सगळ्यांना उद्देशून एक संदेश फिरत असतो. त्याचा आशय असा: ताण येतो तो कामाला नोकरी समजणाऱ्याला, सेवा समजणाऱ्याला नाही. तरीही थकवा येत असेल तर मन घट्ट करा, दुसऱ्याचं दुःख लावून घेऊ नका. रोज थोडं ध्यान करा. आणि आपला ताण आपल्यापाशी ठेवा, समोरच्याला त्याची झळ लागू देऊ नका.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण रात्रपाळी करून घरी आलेली नर्स तो वाचते तेव्हा तिच्या मनात एवढंच उरतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. हे मला फार अन्यायाचं वाटतं, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासून बघू.

‘ताण नोकरी समजणाऱ्याला येतो.’ बर्नआउट म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस आतून पार दमून जाणं. त्यावर मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये लेख लिहिला तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्याच्या अनुभवावरून. तिथे राबणारे बरेचसे स्वयंसेवक होते. पगारासाठी पाट्या टाकणारी ही माणसं नव्हेत. फ्रॉइडेनबर्गर स्वतः दिवसा आपली प्रॅक्टिस सांभाळून संध्याकाळी तिथे जात, आणि तेही यातून गेले. त्यांनी नोंदवलं ते नेमकं उलट आहे: झोकून देऊन काम करणाऱ्यांनाच याचा धोका जास्त. कारण उघड आहे. ज्याला देणंघेणं नाही तो वेळ झाली की उठतो. जीव लावणारी बाई ‘एवढं एक पेशंट बघते आणि निघते’ म्हणते, आणि तिचं ते ‘एक’ कधीच संपत नाही.

‘मन घट्ट करा.’ या सल्ल्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या संशोधकांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन गोष्टी आहेत: भावनिक दमणूक, आपल्या हातून काही होत नाही ही भावना, आणि समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून बघणं बंद होणं. म्हणजे संदेश जो उपाय सांगतो, तो आजवर लक्षण म्हणून मोजला गेलाय. वॉर्डात हे ऐकू येतं. सकाळच्या हँडओव्हरला सिस्टर सांगते, ‘सात नंबर रात्रभर त्रास देत होता.’ काही आठवड्यांपूर्वी हीच सिस्टर त्या आजोबांचं नाव घ्यायची, डाव्या कुशीवर वळवलं की त्यांना झोप लागते हे पुढच्या शिफ्टला आवर्जून सांगायची. तिचं मन घट्ट झालंय खरं. तिला त्याचं बक्षीस द्यायचं का?

या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगायला हवं. दुसऱ्याच्या दुःखात स्वतः बुडून जाणं आणि त्याच्या भल्याची काळजी वाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांच्या अभ्यासात, दुसऱ्याची वेदना आपल्यात अनुभवण्याचा सराव केलेल्यांचा त्रास वाढला. करुणेचा सराव दिल्यावर मात्र मनाला उभारी आली. पण हा फरक सरावाने, अनुभवी माणसाच्या सोबतीने शिकावा लागतो, ‘लावून घेऊ नका’ म्हटल्याने तो येत नाही. हेल्पलाइनचंच बघा. पलीकडचा माणूस रडत बोलत असतो, मध्येच फोन कटतो. त्याचं पुढे काय झालं हे ऐकणाऱ्याला कधीच कळत नाही, आणि तेवढ्यात पुढचा फोन वाजतो. त्या दोन फोनच्या मध्ये पाच मिनिटं मिळणं, शिफ्ट संपल्यावर कुणाजवळ तरी हे बोलून टाकता येणं, याला घट्ट मनाचा पर्याय नाही.

‘ध्यान करा.’ जरूर करा, झोप सुधारते, मन थोडं शांत होतं. पण त्याने वॉर्डातले पेशंट कमी होत नाहीत. संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सवर एक पेशंट वाढला की तिला बर्नआउट असण्याची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त दिसली. या नर्सचा सेवाभाव इतक्या नेमक्या प्रमाणात एकदम कमी झाला, असं कुणी म्हणणार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था, अशी तिची व्याख्या केली. डॉक्टरांमधल्या बर्नआउटवरच्या उपायांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही व्यक्तीपुरत्या उपायांपेक्षा संस्थेने कामात केलेल्या बदलांचा परिणाम जास्त दिसला. कामाचा बोजा, कामावर आपला ताबा, कामाची कदर, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक आणि मूल्यांचा मेळ या सहा ठिकाणी बिघाड शोधा, असं मास्लाक आणि मायकेल लायटर सांगतात. डोळे मिटून बसल्याने सुटेल असं यात फारसं काही नाही.

‘ताण आपल्यापाशी ठेवा.’ तो राहतच नाही. एकेन यांच्या त्याच अभ्यासात, नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त निघाली. २००४ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात, सलग २४ तासांहून लांब ड्युटी करणाऱ्या इंटर्न डॉक्टरांकडून, तशा ड्युट्या काढून टाकलेल्या वेळापत्रकाच्या तुलनेत, गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. दमलेल्या माणसाने चेहऱ्यावर हसू ठेवलं तरी औषधाचा डोस मोजणारा हात दमलेलाच असतो.

तेव्हा संदेश पाठवायचाच असेल, तर तो ड्युटी लावणाऱ्याला पाठवा. एका नर्सकडे किती पेशंट आहेत, एका समुपदेशकाकडे दिवसाला किती केसेस येतात, रात्रपाळीनंतर पुढची पाळी किती तासांनी लागते, आणि एखादं मूल दगावलं त्या दिवशी तिथल्या सिस्टरला बाजूला बसवून कुणी बोलतं का, एवढं त्याला विचारा.