१९ चा नट, २१ चा पाना

चाकाचा पाना विकत घ्यायला निघाला असाल तर पहिलं पथ्य: नटाचं माप काढू नका. डिकीतला कंपनीचा पाना बाहेर काढून त्यावरचा आकडा वाचायला दहा सेकंद लागतात, आणि एवढा वेळ कुणाकडे असतो? दुकानात जाऊन नुसतं "कारचा पाना द्या" म्हणावं. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ चा (म्हणजे १९ मिलिमीटरचा) लागतो, ह्युंदाईला बहुधा २१ चा, फोक्सवॅगनला १७ चा. तिथे तर नटच नाहीत, बोल्ट आहेत. पण हे तपशील दुकानदाराच्या कानावर घालून त्याला उगाच त्रास देऊ नये.

२१ चा पाना १९ च्या नटावर बसतो, हे विशेष. चढताना जराही अडत नाही. फक्त आत मोकळी जागा राहते, त्यामुळे तो नटाच्या सपाट बाजू न धरता कोपऱ्यांनाच टेकतो. जोर लावलात की 'कट्' असा आवाज येतो. तो नट सुटल्याचा नाही, कोपरे गेल्याचा. असे तीन 'कट्' झाले की नट गोल होतो, आणि गोल नटाला मग १९ चाही पाना धरत नाही. पुढचं काम छिन्नी-हातोड्याचं किंवा वेल्डिंगवाल्याचं.

पान्याच्या तोंडात डोकावूनही बघू नका. आत सहा कोपरे असले तर तो नट नीट धरतो आणि मजा जाते. बारा कोपऱ्यांचा घ्या: कुठल्याही कोनात चटकन बसतो, आणि नट जरा गंजलेला, जरा घासलेला असला की तितक्याच चटकन घसरतो. चकाकी मात्र बघून घ्या. दांड्यावर क्रोम व्हॅनेडियम (कणखर पोलादाचं नाव) असं कोरलेलं दिसलं की डोळे मिटून पैसे द्या. अक्षरं कोरायला व्हॅनेडियम लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता लांबी. पाना आखूड हवा, डिकीत मावायला. साधारण गाडीचा नट पिळाच्या मापात १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो (नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, म्हणजे सुरक्षित आहे, तिथे कुणी जात नाही). २५ सेंटिमीटरच्या पान्याने तेवढा जोर द्यायचा तर टोकाला ४० किलोचा भार लागतो, सिमेंटच्या पोत्याहून दहाच किलो कमी. पाना ५० सेंटिमीटरचा असता तर २० किलोंत भागलं असतं. तरफेचा धडा शाळेत सगळ्यांनीच वाचलाय, पण तो परीक्षेपुरता होता. शिवाय हे झालं मापात आवळलेल्या नटाचं. पंक्चरवाल्याने हवेच्या गनने ठोकलेला आणि वर दोन पावसाळे खाल्लेला नट दुप्पट जोर सहज मागतो.

फुलीचा पाना, म्हणजे चार तोंडांचा, घेण्याचा मोह टाळा. त्यात १७, १९, २१, २३ अशी चार मापं एकत्र असतात, म्हणजे चुकण्याची सोयच नाही. वर दोन्ही हातांनी धरता येतो; एका हाताने ओढा, दुसऱ्याने दाबा, पाना नटावर सरळ राहतो, तिरका होऊन निसटत नाही. सैल झालेला नट तर भोवऱ्यासारखा फिरवून काढता येतो. असा पाना घेतलाच असेल तर घरी ठेवा, बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे. डिकीत खडखडतो ना! अलॉय चाकं असतील तर मात्र तोंडाची बाहेरची जाडी न बघताच घ्या. नटाचं भोक खोल आणि अरुंद असतं. जाड तोंड आत जात नाही, आणि ठोकून घातलंत तर अलॉयवर नक्षी उमटते.

अलॉयवरून आठवलं. चाक चोरीला जाऊ नये म्हणून काही गाड्यांत प्रत्येक चाकाला एक कुलूप-नट असतो आणि तो काढायला खाचा असलेली एक बोटभर गोटी. ती डिकीत पान्याशेजारी ठेवण्याचा वेडेपणा करू नये. सर्व्हिसिंगनंतर ती परत आली का, हे तर मुळीच विचारू नये. चोरापासून चाक वाचतंच, मालकापासूनही वाचतं.

एवढी तयारी झाली की गणपतीला कोकणात निघावं. टायर बसेल तो खेडच्या अलीकडे, रात्री, पावसात. स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीच्या तळाशी असतात, त्यांच्यावर तांदळाचं पोतं, आरतीचे टाळ, दोन फणस आणि मखराचे तुकडे. सगळं रस्त्यावर काढायचं. रिफ्लेक्टरचा त्रिकोण सापडला तर गाडीला टेकवूनच लावा, ५० मीटर मागे जाऊन भिजायचं कुणी?

आता आधी जॅक लावा. नट नंतर. टायर जमिनीला टेकलेला असताना नट अर्धा फेरा सैल करून घेतात ते भित्रे लोक. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, त्यामुळे गाडी न्यूट्रलला ठेवून पुढचं चाक उचललंत की ते पान्यासोबत गरागरा फिरतं, आणि तुम्ही जोर कराल तशी गाडी जॅकवर डुलते. तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावलेला नसेल तर अधिकच डुलते. जॅक दाराखालच्या कडेला दोन खाचांच्या मधोमध लावायचा असतो. तुम्ही पत्रा जिथे मऊ दिसेल तिथे लावा. काढून ठेवलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवलं तर जॅक सटकला तरी गाडी त्याच्यावर टेकते. त्यापेक्षा त्याच्यावर काकांना बसवा.

नट हलत नसला तर पान्यावर उभे राहा. समोरून बघताना दांडा डावीकडे आडवा ठेवून दाबला की नट सुटतो, उजवीकडे ठेवून दाबला की आवळतो. तेव्हा उजवीकडे ठेवून उड्या मारा. पाइप असेल तर उत्तमच: मीटरभर पाइपच्या टोकाला ७० किलोचा माणूस लटकला की जवळपास ७०० न्यूटन-मीटर होतात, हव्या त्याच्या सातपट. नट ज्यावर चढतो तो १२ मिलिमीटरचा स्टड त्याच्या कितीतरी आधी तुटतो. तुटला की त्या नटाची कटकट कायमची मिटली.

स्टेपनी चढवताना नटाची निमुळती बाजू बाहेर ठेवा. ती चाकाकडे ठेवली तर नट भोकातल्या उतरत्या कडेत बसतो आणि चाक मधोमध धरतो. सपाट बाजू आत गेली की नट टेकतो पण बसत नाही. काही किलोमीटरांत सैल होतो आणि भोकं लांबोडकी होतात. पहिले दोन-तीन आटे बोटांनी फिरवू नका. सरळ पान्यानेच सुरुवात करा, म्हणजे आटे वाकडे चढतील. आट्यांवर तेल सोडायला विसरू नका: घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. शेवटी नट ओळीने, एकामागून एक पूर्ण आवळा. समोरासमोरचे किंवा पाच असतील तर एकाआड एक घेत, दोन-तीन फेऱ्यांत आवळले तर चाक हबवर (ज्याला ते जोडलं जातं त्या भागावर) सपाट बसतं, आणि नंतर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत नाही. थरथर हवी असेल तर गाडी खाली घेण्याआधीच सगळा जोर लावून टाका.

५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात म्हणे. तोवर तुम्ही आरतीला उभे असता.

स्टेपनीत हवा आहे का, हे निघण्यापूर्वी बघितलं नसेल तर आता बघा. किंवा स्टेपनी आहे का, हेच बघा. २०२० च्या नियमबदलानंतर टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट देणाऱ्या कारला स्टेपनी देणं सक्तीचं राहिलेलं नाही. तुमची तशी असेल तर पाना घेतलात हे बरंच झालं, नारळ फोडायला कामी येईल.

काम आटोपलं की टाळ मोजून घ्या, फणस मोजून घ्या, पाना तिथेच चिखलात राहू द्या. सकाळी पुढच्या नाक्यावरचा पंक्चरवाला तो उचलतो. त्याच्या टपरीत खिळ्याला १७ पासून २४ पर्यंत सगळी मापं टांगलेली दिसतात, आणि त्यातला एकही त्याने विकत घेतलेला नसतो.