पाच मीटरवरून मासेमारी

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात घर घेतल्यापासून मेहुण्याच्या बोलण्यात दोनच विषय असतात: घराचा हप्ता आणि बारामुंडी मासा. हप्त्यात आम्हाला सामील करून घेणं अवघड, म्हणून त्याने बारामुंडीत घेतलं आणि काकडूला नेलं. डार्विनच्या पूर्वेला साधारण २५० किलोमीटरवर, जवळपास २०,००० चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान. बायकोला पक्षी पाहायचे होते, मेहुण्याला मासे धरायचे होते. मला काहीच नको होतं, म्हणून सामान माझ्याकडे.

राष्ट्रीय उद्यानात मासेमारी चालते, हेच मला आधी पटेना. आपल्याकडे अभयारण्यात नुसतं मोठ्याने शिंकलं तरी गाईड डोळे वटारतो. इथे गळ टाकायला परवानगी आहे. जाळी आणि पिंजरे मात्र नाहीत. म्हणजे सामना बऱ्यापैकी समसमान, असं मी म्हणत असतानाच पहिली पाटी दिसली. तिच्यावर उघडा जबडा होता.

मगरींबाबतच्या सूचना मी तीनदा वाचल्या. पाण्याच्या काठापासून किमान ५ मीटर लांब उभे राहा. मासे काठावर साफ करू नका. पुन्हा पुन्हा त्याच जागी जाऊ नका, मगर तुमच्या सवयी हेरते. माझ्या सवयी आजवर बायकोनेही एवढ्या बारकाईने पाहिलेल्या नाहीत. आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा मोठा नर स्वतःच ५ मीटरहून लांब भरतो! ५ मीटरची मगर, ५ मीटरचं अंतर. हा हिशेब कोणी मांडला होता?

"पण ती खाऱ्या पाण्यातली ना? हे तर गोडं पाणी," मी म्हणालो.

"तिला दोन्ही चालतं, दाजी."

कातड्यासाठी एके काळी या मगरी जवळजवळ संपवल्या होत्या. मग १९७१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी या इथल्या प्रांतात त्यांना संरक्षण मिळालं आणि त्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. तत्त्वतः मी याच्या बाजूचाच आहे. तत्त्व पाण्यावर डोळे काढून आपल्याकडे बघत नसेल, तर त्याच्या बाजूने राहणं सोपं असतं.

पहाटे काकडूतल्या यलो वॉटर या पाणथळीत मेहुण्याच्या पत्र्याच्या बोटीत बसलो. कमळं, धुकं, मॅगपाय गूजचे थवे. ते सगळं इतकं सुंदर होतं की क्षणभर डास विसरलो. डास मला विसरले नाहीत. बायको दुर्बिणीतून कमळपक्षी पाहत होती. लांबच लांब बोटं पसरत तो पानावरून पानावर चालला होता.

"अहो, बघा. यांच्यात पिल्लं बाप सांभाळतो."

"आणि बारामुंडी नर म्हणून वाढतो, काही वर्षांनी मादी होतो," मेहुण्याने भर घातली. "मोठे मासे दिसतील त्या जवळपास सगळ्या बायकाच." त्या पाणथळीत पुरुषजातीचं एकूण काही खरं नव्हतं.

तेवढ्यात माझ्याच गळाला झटका बसला. मासा पाण्याबाहेर उसळला, चांदीसारखा चमकला, मी ओरडलो, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर तो बोटीत आला. मेहुण्याने पट्टी लावली. ५१ सेंटीमीटर. ठेवायचा तर किमान ५५ हवा.

"सोडावा लागेल. फेकायचा नाही हं, दाजी. पाण्यात हातात धरायचा, तो सावध होईपर्यंत."

"कोण सावध होईपर्यंत?"

मी सूचनेची आठवण करून दिली: हात-पाय बोटीच्या आत. मेहुणा म्हणाला, मासा ज्याचा त्यानेच सोडायचा. मी म्हणालो, बोट ज्याची त्याने. मासा अर्थातच दोघांकडेही आळीपाळीने आ करून पाहत होता.

"द्या इकडे," बायकोने दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली, आजूबाजूचं पाणी एकदा नीट न्याहाळलं, ओणवी झाली आणि मासा अलगद सोडला. मी मागून तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मेहुण्याने काढलेल्या फोटोत ती मासा सोडते आहे आणि मी नियम पाळतो आहे.