साडेतीनशे अंशांवर वीस मिनिटे

आमच्या घरात दोन ओव्हन आहेत. एकात नानकटाई भाजली जाते. दुसरा गॅरेजमध्ये बर्फ उपसण्याच्या फावड्याशेजारी असतो. त्याच्या दारावर माझ्या पत्नीने काळ्या मार्करने ठळक देवनागरीत ‘विष’ असे लिहिले असून, मराठी न वाचणाऱ्या शेजाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून खाली एक कवटीही काढली आहे. हा दुसरा ओव्हन मी एका अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत आठ डॉलरना विकत घेतला. पहिल्या ओव्हनबाबत मी जी विनंती केली होती, तिला मिळालेले उत्तर येथे शब्दशः देता येण्यासारखे नाही. मात्र त्यातला मुद्दा बिनतोड होता. ज्या ओव्हनमध्ये एकदा शिसे गेले, त्यात पुन्हा खाण्याचा पदार्थ जाता कामा नये.

शिसे ओव्हनमध्ये का जावे, हे सांगायला हवे. मी मिनेसोटात राहतो. या राज्याचा अधिकृत मासा वॉलाय हा असून तो तळाशी, गढूळ अंधारात, खडकांच्या आसपास वावरतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी जिग लागतो. जिग म्हणजे मानेभोवती शिशाचे छोटे डोके ओतलेला गळ. माझ्या जिगचे डोके औंसाच्या आठव्या भागाचे, म्हणजे साडेतीन ग्रॅमचे असते. हे जिग वॉलायपेक्षा खडकांना अधिक आवडतात. प्रत्येक रविवारी सात-आठ जिग तळ्याला अर्पण करून मी रिकाम्या हाताने घरी येत असे, आणि दुकानात एका जिगचे सव्वा डॉलर मोजत असे. ते घरीच केले तर दहा-पंधरा सेंटांत पडतील, असा हिशेब मी एका रात्री मांडला. त्या हिशेबात ओव्हन धरलेला नव्हता.

ओतकाम त्या मानाने सुरळीत पार पडले. टायरवाल्याकडून चाकांची जुनी वजने आणली. त्यातली पकडीने सहज कापली जातात ती शिशाची, आणि पकडीलाच दाद देत नाहीत ती जस्ताची किंवा पोलादाची, एवढी निवड करावी लागते. कारण जस्त मुशीत मिसळले की सगळा रस बिघडतो. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी वाफेचा स्फोट होऊन ते अंगावर उडते. म्हणून हे काम मी बर्फ सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबरातल्या कोरड्या दिवशी, उघड्यावर उरकले. साच्यातून निघालेले जिग चांदीसारखे चमकत होते. आठवड्याभरात ते जुन्या नळाच्या तोटीसारखे दिसू लागले, आणि रंगाचा प्रश्न उपस्थित झाला.

देवगडला फोन करून ही अडचण मी वडिलांच्या कानावर घातली. त्यांची हयात पाग, म्हणजे फेकायचे जाळे, टाकण्यात गेली आहे आणि पागाच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्यांना कुणी रंग दिल्याचे त्यांच्या ऐकिवात नाही. ते म्हणाले, “गरीक रंग कित्याक व्हयो? माशाक काय तेच्यावांगडा फोटो काढूचो आसा?” गढूळ पाण्यात वॉलायला शार्ट्रूज रंग चांगला दिसतो, असे मी त्यांना समजावले. शार्ट्रूज म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. पोपटी आणि हळदी यांचे भांडण चालू असताना मध्ये जो रंग होतो तो, असे मी सांगितले. यावर फोन आईकडे देण्यात आला.

सुरुवातीला मी मुलीचे नेलपॉलिश वापरून पाहिले. ते पहिल्याच खडकावर टवके होऊन निघाले, आणि बाटली संपवल्याबद्दल मुलगी दोन दिवस बोलली नाही. मग कळले की जाणकार लोक पावडर कोटिंग करतात. ही पावडर म्हणजे रंग घातलेले राळेचे पीठ. जिग तापवायचा, पिठात क्षणभर बुडवून काढायचा. उष्णतेने पीठ वितळून डोक्याला चिकटते आणि डोळ्यांदेखत चकाकी धरते. त्यानंतर 350 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे 177 अंश सेल्सिअसवर, वीस मिनिटे भाजायचे. भाजल्याशिवाय रंग झालेला दिसतो, पण पक्का झालेला नसतो. कृती एवढीच आहे. शंकरपाळ्यांची कृतीही कागदावर एवढीच असते.

हे काम मी जानेवारीत, उणे वीस अंशांत, गॅरेजमध्ये करायला बसलो. चिमट्यात गळ धरून मी गरम हवा सोडणाऱ्या हीट गनने डोके तापवत असे. ते पिठाच्या डबीपर्यंत पोहोचेतो माझ्या बोटांइतके गार होत असे, आणि बुडवून काढले की त्यावर चार कण, तेही नाइलाजाने बसल्यासारखे, दिसत. मग मी अधिक तापवले. आता पीठ असे काही धावून आले की बाहेर आले ते थेट बटाट्याचे भजे. मधला काळ सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. घड्याळ पाहायला हात मोकळा नसल्यामुळे मी मोजमापासाठी ‘शुभंकरोती’ वापरली. मध्यम लयीत एकदा म्हणून झाली की साडेतीन ग्रॅमचा जिग बरोबर तापतो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी गॅरेजमधून येणारे ते पठण आणि त्यापाठोपाठ येणारी पोपटी चमक पाहून, तुमचा सण कोणता चालू आहे, अशी अतिशय आदराने चौकशी केली.

डबीतले पीठ दाबून बसते, त्यामुळे थर सारखा येत नाही. यावरचा उपाय 1950च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी शोधलेला आहे: पिठाखालून हवा सोडायची, म्हणजे पीठ फुगून पाण्यासारखे वागू लागते. मी प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा घेतला, तळाला कॉफीच्या गाळणीचा कागद ताणून बसवला आणि माशांच्या काचेच्या पेटीला लावतात तो छोटा पंप जोडला. पीठ खरोखरच दुधासारखे मंद उकळू लागले. ते दृश्य इतके देखणे होते की मी पंपाचे बटण आणखी थोडे फिरवले. पुढच्या क्षणी दूध उतू गेले. तोंडाला मास्क होता म्हणून फुप्फुसे वाचली. भुवया वाचल्या नाहीत, आणि पत्नीची पांढरी गाडीही वाचली नाही. ही पावडर गरम पृष्ठभागाखेरीज कुठे वितळत नाही, त्यामुळे गाडीचे नुकसान होणे शक्यच नाही, असे मी शास्त्रीय आधाराने सांगत होतो. “अरे, पण ती पुसणार कोण?” एवढेच तिने विचारले. त्या वर्षी आमची रंगपंचमी जानेवारीत झाली.

खरा छळ मात्र नेढ्याने मांडला. दोरा ओवण्यासाठी गळाला जे छिद्र असते, ते शिशाच्या डोक्याला अगदी खेटून असते, आणि डोके पिठात बुडवले की तेही बुडते. रंग मऊ असतानाच बारीक तारेने ते मोकळे करायला हवे. ते काम नंतर करू म्हणून मी जिग आधी भाजले, आणि भाजलेला रंग दगडासारखा होतो हे मला मे महिन्यात, हंगामाच्या पहिल्या दिवशी, पहाटे सव्वापाचला होडीत कळले. हवा चार अंश. चष्मा कपाळावर. बोटांच्या टोकांना संवेदना नाही. डाव्या हातात शार्ट्रूज जिग, उजव्या हातात लाळेने ओला केलेला दोरा, आणि दोऱ्याचे टोक त्या छिद्रापाशी जाऊन, बंद देवळापुढे भक्ताने करावे तसे, नम्रपणे वाकून परत येत होते. मी सहा जिग पाहिले आणि सहाही दारे बंद निघाली. शेवटी मित्राने त्याच्या टोपीची सेफ्टीपिन दिली, ती वाकली. मग त्याने दुकानातला एक जिग दिला. त्याला वॉलाय लागला. त्या जिगला रंगच नव्हता.

ओव्हनचेही स्वतःचे काही विचार होते. पहिल्या घाण्यातला शार्ट्रूज करपलेल्या पुरणाच्या रंगाचा होऊन बाहेर आला. आत वेगळा तापमापक ठेवल्यावर कळले की खटका 350वर असताना आत 420 अंश असतात. आठ डॉलरांत खरे बोलणारा ओव्हन मिळावा ही अपेक्षाच गैर. शिसे मात्र ढिम्म हलले नव्हते, कारण त्याला वितळायला 600हून अधिक अंश फॅरनहाइट लागतात. शिशाचा हा शांत स्वभाव मी गृहीत धरत गेलो.

पण याच सुमारास मुलगी शाळेतून लून पक्ष्याविषयी शिकून आली. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. तो अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो, त्यांत किंवा माशाबरोबर त्याच्या पोटात शिशाचा जिग गेला, तर तेवढा एकच जिग त्याचा जीव घ्यायला पुरतो. न्यू हॅम्पशायरमध्ये तर एक औंस व त्याहून कमी वजनाच्या शिशाच्या जिगना 2016पासून बंदीच आहे. “बाबा, तळ्याच्या तळाशी तुझे किती आहेत?” असे तिने विचारले. मी रविवारांची संख्या आठवून गप्प बसलो.

दुसऱ्याच आठवड्यात मी बिस्मथ आणि कथील यांचा मिश्रधातू मागवला. पंचवीस जिग ओतले. हा धातू शिशापेक्षा फारच लवकर वितळला, याचा मला आनंद झाला. हीट गनखाली एकाचे नाक किंचित ओघळले, त्याकडे मी दुर्लक्ष केले. या वेळी पंप मंद होता, ‘शुभंकरोती’ अर्ध्यावर थांबवली होती, आणि प्रत्येक नेढे रंग मऊ असतानाच तारेने कोरून, दिव्यासमोर धरून, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत साफ केले होते. पंचवीस गळ ओळीने दांडीला टांगले, तापमापक 350वर आणला आणि घड्याळ लावले. वेळ घालवण्यासाठी धातूच्या पाकिटावरचा बारीक मजकूर वाचायला घेतला. वितळबिंदू 281 अंश फॅरनहाइट, असे तिसऱ्या ओळीत लिहिले होते.

दार उघडले तेव्हा खालच्या ट्रेमध्ये एक चकचकीत घावन पसरलेले होते आणि त्यावर पोपटी साली तरंगत होत्या. वर दांडीला पंचवीस उघडे गळ लटकत होते. नेढी सगळीच्या सगळी मोकळी होती.