"गुडघे वाकवा, पट्टा बांधा, मग कितीही उचला" हा मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, गावच्या ग्रुपवर, गोडाऊनच्या ग्रुपवर, आणि दोनदा तर ज्यांना मी स्वतः ओळखतो अशा चांगल्या शिकलेल्या माणसांनी पाठवला. त्यात पाच गोष्टी आहेत. एक, पूर्वीचे हमाल क्विंटलची पोती उचलायचे त्यांना काही होत नव्हतं, आताची पोरं नाजूक. दोन, पाठ सरळ ठेवून गुडघे वाकवून उचललं तर कितीही वजन उचला, कंबर जात नाही. तीन, कमरेला पट्टा बांधला की मणका सेफ. चार, ज्याची मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकते तो चुकीचा उचलतो म्हणून सरकते. पाच, कंबर धरली की पंधरा दिवस कडक जमिनीवर झोपून राहा आणि पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाचा पाय लावून घ्या.

मी भिवंडीत गोडाऊनला सुपरवायझर आहे, अकरा वर्षं झाली. आमचे आण्णा, म्हणजे वडील, माथाडी होते. डॉक्टर नाही मी, पण माल उतरवणाऱ्या पोरांच्या कंबरा जाताना डोळ्यांनी बघितल्यात आणि त्यानंतर जे मिळेल ते वाचत आलोय, ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारत आलोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, जुनी माणसं. आण्णा पाटण तालुक्यातून मुंबईला आले ते मशीद बंदरला धान्याच्या टोळीत लागले, पुढे बाजार वाशीला गेला तसे तेही गेले. १०० किलोचं पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून चालत जायचं आणि थप्पीला लावायचं, असं दिवसभर. त्यांना काही होत नव्हतं हे कोणी सांगितलं? बाजारात दिसायचे ते फक्त ज्यांची पाठ टिकली ते. ज्याची गेली तो बाजारात कशाला थांबेल, तो गावाला परत यायचा, आणि आमच्या वाडीत अशी माणसं मी लहानपणी ओट्यावर बसलेली बघितलीत, पन्नाशीच्या आत काठी धरलेली, आणि कोणी विचारलं तर म्हणायची "मुंबई सोडली". कंबर गेली असं कोणी म्हणायचं नाही. आण्णांना स्वतःला शेवटची कित्येक वर्षं डाव्या पायात मुंग्या यायच्या, रात्री कूस बदलताना आईला उठवायला लागायचं, आणि हेच आण्णा दुसऱ्या दिवशी कामावर असायचे कारण टोळीत हजेरी नाही तर वाटा नाही.

आणि काही होतच नसतं तर पोत्याचं वजन कमी करा म्हणून हमालच का भांडले असते? पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत पन्नासच्या दशकात उभी राहिली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी एकत्र आणले, १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्या कायद्याचा भर मजुरी, नोंदणी, पीएफ यावर होता, पण पोतं ५० किलोच्या वर नको ही मागणी हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच माणसाने एकट्याने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोची शिफारस केली होती, आणि ती आता जुनी झाली, आजचे हिशोब त्याच्या निम्म्याहून खाली आहेत. युरियाची गोणी २०१८ मध्ये ५० ची ४५ किलोची झाली, कारण वेगळं होतं, खताचा वापर कमी व्हावा म्हणून, पण उचलणाऱ्याच्या पाठीवरून प्रत्येक खेपेला पाच किलो उतरलेच ना.

यावर एकाने मला जिमचं सांगितलं, पोरं १०० किलो डेडलिफ्ट मारतात म्हणे, म्हणजे वजनाचा दांडा जमिनीवरून उचलतात. मारतात, पण पाच वेळा, मध्ये तीन मिनिटं बसून, हाताला पकड येईल असा गोल दांडा, तो नडगीला घासत वर येतो इतका जवळ. आमच्याकडे दहा टनाची गाडी म्हणजे ५० किलोच्या २०० गोण्या, चौघं असतील तर एकेकाच्या वाट्याला ५० गोण्या, म्हणजे अडीच टन, आणि हे जेवणाच्या आधी.

दुसरा मुद्दा खरा महत्त्वाचा आहे कारण तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धी बरोबर गोष्ट जास्त नुकसान करते. गुडघे वाकवणं चूक नाही. छोटं खोकं असेल, दोन्ही पायांच्या मध्ये मावत असेल, तर खाली बसून उचला, चांगलंच आहे. पण गोणी किंवा टीव्हीचं मोठं खोकं गुडघ्यांमध्ये मावत नाही, मग तुम्ही गुडघे वाकवले की गुडघेच ओझ्याला पुढे ढकलतात, ओझं शरीरापासून लांब जातं आणि कमरेवरचा ताण उलट वाढतो. १९९९ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र तपासले, वाकून उचलणं विरुद्ध बसून उचलणं, तर बसूनच उचला असं सरसकट सांगायला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. शिवाय दिवसात ५० वेळा खाली बसून उठून बघा, मांड्या भरून येतात, विसाव्या गोणीनंतर कुठलाही माणूस वाकूनच उचलतो, ट्रेनिंग कितीही दिलेलं असो.

मग कंबर कशाने जाते? ओझं किती लांब आहे, किती खालून उचलताय, उचलताना वळताय का, आणि दिवसात किती वेळा. अमेरिकेत नायॉश म्हणून सरकारी संस्था आहे, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करते, तिचा एक हिशोब आहे तो मी गोडाऊनच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. सगळं अगदी आदर्श असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ, घोट्यापासून २५ सेंटीमीटरवर, हात जमिनीपासून ७५ सेंटीमीटर उंचीवर म्हणजे साधारण कमरेखाली, वळायचं नाही, पकड चांगली, खेपा कमी, तर मर्यादा २३ किलो. २३! आता तेच ओझं २५ च्या ऐवजी ५० सेंटीमीटर लांब धरा, मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. तेच पुन्हा जमिनीवरून उचला, साधारण ९ किलो. त्यात उचलताना ४५ अंशात कंबर वळवून बाजूच्या थप्पीवर टाका, साडेसात किलो. अजून गोणीला धड पकड नसते आणि खेपा पन्नास असतात हे धरलेलंच नाही. आणि आपण जमिनीवरून वळून ५० किलो उचलतोय आणि मेसेज म्हणतो गुडघे वाकवा.

म्हणजे तोच माणूस, तीच पाठ, पण गोणी कुठे ठेवलीय यावर सगळं ठरतं. आम्ही काय केलं ते सांगतो, खर्च फार नाही. गोण्या जमिनीवर ठेवायच्याच नाहीत, एकावर एक दोन रिकामी लाकडी पॅलेट (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी) टाकून त्यावर थप्पी, म्हणजे सगळ्यात खालचा थरसुद्धा गुडघ्यापर्यंत येतो. थप्पी छातीच्या वर न्यायची नाही. ट्रकचा हौदा आणि गोडाऊनचा धक्का (फलाट) एका पातळीत आला पाहिजे, मधली दरी फळीने भरायची आणि हातगाडी आतपर्यंत न्यायची. पॅलेट जॅक, म्हणजे पॅलेट उचलून ढकलायची गाडी, एक घेतला, त्याची चाकं महिन्याला बघायची कारण जाम झालेला जॅक ढकलताना पण कंबर जाते. मोठं खोकं असेल तर दोघं, एकाने आवाज द्यायचा आणि दुसऱ्याने त्याच आवाजावर उचलायचं, अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी सगळं ओझं एकावर येतं. आणि वळायचं तर पाऊल टाकून वळायचं, कमरेतून नाही. हे एवढंच "टेक्निक" मी नव्या पोराला शिकवतो, जवळ धर आणि पाय फिरव. बाकी जबाबदारी गोडाऊनची.

एक गोष्ट यात राहते ती ड्रायव्हरची. रात्रभर टेम्पो चालवून आलेला माणूस उतरल्या उतरल्या मागचं फाळकं उघडून माल ओढायला लागतो. तासन्तास वाकून बसल्यावर आणि गाडीचे धक्के खाल्ल्यावर पाठीचे स्नायू आणि अस्थिबंध सैल, थकलेले असतात, तेव्हा पहिली दहा पंधरा मिनिटं चाला, चहा घ्या, पावती करा, मग हात लावा. आमच्याकडे आता ड्रायव्हरला पोचल्यावर लगेच गोणी उचलू देत नाही, काहीजण चिडतात पण चालेल.

तिसरा, पट्टा. मीसुद्धा आधी पट्टे वाटले होते. नायॉशने १९९४ मध्येच सांगितलं की धडधाकट कामगाराची दुखापत पट्ट्याने टळते याला पुरावा नाही, आणि पुढे २००० साली त्यांचा मोठा अभ्यास आला, अमेरिकेतल्या दुकानांत माल लावणारे ९ हजाराच्या वर कामगार, आणि पट्टा रोज लावणारे व न लावणारे यांच्यात पाठदुखीचा फरक निघाला नाही. एवढं सगळं असून पट्टा विकला जातो कारण मालकाला तो पॅलेट जॅकपेक्षा स्वस्त पडतो. ऑपरेशननंतर किंवा दुखत असताना डॉक्टरांनी काही दिवस दिलेला पट्टा हा वेगळा विषय, तो सोडू नका.

चौथा मुद्दा वाचून मला राग आला, खरंच आला. "चुकीचा उचलतो म्हणून." मी आधी जिथे होतो त्या गोडाऊनला चोवीस वर्षांचा पोरगा होता, सांगली बाजूचा, दुपारी चारला शेवटच्या गाडीला गोणी उचलली आणि तिथेच बसला, उठेना. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, कामगाराने चुकीच्या पद्धतीने ओझं उचलल्याने. त्या दिवशी त्याने किती गोण्या उचलल्या होत्या ते कुठे लिहिलं नाही, चारच्या जागी तिघं होते हे लिहिलं नाही, लाईट गेली म्हणून लिफ्ट बंद होती हे लिहिलं नाही. मी तेव्हा गप्प बसलो ते मला आजही टोचतं.

पद्धत शिकवून कंबर वाचली असती तर ते अभ्यासात दिसलं असतं. अमेरिकेत पोस्टाच्या जवळपास ४ हजार कर्मचाऱ्यांना पाठीची शाळाच घेतली, कसं उचलायचं, कसं बसायचं, १९९७ मध्ये निकाल छापून आला, दुखापती कमी झाल्या नाहीत. पोस्टवाले मन लावून शिकले नसतील असं नाही, ओझं आणि कामाचा वेग जिथल्या तिथे राहिला तर नुसतं शिकून पाठीवरचा भार हलका होत नाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३४ होतं, इजा होईल इतकं जड ओझं कोणाला उचलायला लावायचं नाही, त्यात जबाबदारी उचलायला लावणाऱ्यावर टाकलेली होती. हे १९४८ साली लिहिणाऱ्यांना कळत होतं.

आणि "गादी सरकली" हा शब्द जपून वापरा. एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली म्हणजे दुखणं तिच्यामुळेच असं नसतं. ज्यांना अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले तर विशीतल्या जवळजवळ ३० टक्के लोकांत गादी फुगलेली दिसते आणि ऐंशीच्या वयात ८० टक्क्यांहून जास्त. त्या रिपोर्टला घाबरून पोरं काम सोडतात, काहीजण तर लग्न मोडेल म्हणून घरी सांगत नाहीत. तपासणी करणाऱ्याला आधी हात पाय हलवून बघू दे, मग स्कॅन लागतोय का ते तो सांगेल.

हे सगळं फक्त पोत्याचं नाही हेही लिहितो कारण हॉस्पिटलमधल्या मावशी आणि सिस्टर यांचा कोणी विचार करत नाही. सत्तर किलोचा पेशंट पलंगावर वर सरकवायचा, त्याला धरायला कान नाही की पट्टी नाही, तो मध्येच घाबरून गळ्यात हात टाकतो. तिथे दोघींनी खालची चादर धरून सरकवणं, पलंग कमरेच्या उंचीला वर घेणं, हेच कामाचं.

पाचवा. उसण भरली की पायाळूचा पाय लावतात, आमच्या घरीही लावायचे, शेजारच्या काकी पायाळू होत्या. त्या हळूच पाय लावायच्या त्याने वाईट काही व्हायचं नाही, आणि साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच उतरते म्हणून श्रेय त्यांना मिळायचं. पण लाथ मारणं, पाठीवर पोर उभं करणं, कोणाकडून मणका कडकड वाजवून घेणं हे करू नका. आणि पंधरा दिवस झोपणं तर मुळीच नको. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास छापून आला, कंबर अचानक धरलेल्यांना तीन गटात विभागलं, दोन दिवस झोपून राहा, व्यायाम करा, किंवा जमेल तितकी रोजची कामं चालू ठेवा, आणि रोजची कामं चालू ठेवणारे सगळ्यात लवकर बरे झाले. चालू ठेवा म्हणजे गोण्या उचला असं नाही! चाला, जेवायला उठून बसा, कुशीवर वळून उठा, शेक घ्या. मालकाने त्या आठवड्यात हलकं काम द्यावं, पावत्या, मोजणी, स्कॅनर, आणि हजेरी कापू नये, नाहीतर माणूस तिसऱ्याच दिवशी दुखणं लपवून पोत्याखाली जातो, आण्णा जायचे तसा.

फक्त काही लक्षणं दिसली तर घरी थांबायचं नाही, पायाळू नाही, शेक नाही, काही नाही. लघवी अडली किंवा नकळत झाली, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, चालताना पाऊल घसटायला लागलं, किंवा दोन्ही पायांतलं बळ गेल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिथे मणक्याचे सर्जन आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि हीच लक्षणं तिथे पहिल्या वाक्यात सांगा.