मूक वेस्टर्न आणि हार्टची हॅट

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी काउबॉयपट, म्हटलं की आपल्याकडे थेट क्लिंट ईस्टवूड आठवतो. मी मात्र त्याच्याही चाळीस वर्षं मागे जाऊन बसलोय आणि तिथून हलावंसं वाटत नाही.

काल मूक वेस्टर्नचा नट विल्यम एस. हार्ट याचा 'टम्बलवीड्स' पुन्हा पाहिला. १९२५चा मूकपट, त्याचा शेवटचा. १८९३ साली ओक्लाहोमातला चेरोकी या मूळनिवासी जमातीचा पट्टा सरकारने वसाहतीसाठी खुला केला, त्याची गोष्ट. तोफ उडते आणि घोडे, गाड्या, माणसं जमिनीच्या तुकड्यासाठी एकदम सुटतात. धूळ खरी, घोडे खरे, भरधाव दौडणारा साठीचा हार्टही खरा.

पण मला धरून ठेवतो तो त्याआधीचा प्रसंग. गुरांचे कळप त्या रानातून कायमचे निघालेत. हार्ट आणि त्याचे सोबती नुसते बघतात, आणि डोक्यावरच्या हॅट उतरवतात. बस्स. एक शब्द ऐकू येत नाही, आणि माझ्या घशात आवंढा येतो.

हे खोटं वाटत नाही, कारण तो काळ तेव्हा पुरता सरलेला नव्हता. जुन्या पश्चिमेतला दंतकथा झालेला कायदारक्षक, खुद्द वायट अर्प, लॉस एंजेलिसमध्ये राहत होता. १९२९ साली तो वारला, तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांत हार्ट आणि वेस्टर्नचाच दुसरा नट टॉम मिक्स होते! चेरोकींचा त्या जमिनीवरचा हक्क कसा गेला, हे मात्र हा चित्रपट सांगत नाही. ते मला दर वेळी खटकतं.

एक कळकळीची विनंती. तुरुतुरु पळणाऱ्या प्रती पाहू नका. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी (फ्रेम). त्या २४च्या वेगाने दाखवल्या की गंभीर माणसाचाही विदूषक होतो. आधीच अमेरिकेतले जेमतेम १४ टक्के मूक कथापट मूळ रूपात उरलेत, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसचा २०१३चा अहवाल सांगतो. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'ही आपल्याला पूर्ण पाहता येत नाही, त्यामुळे ही हळहळ मला परकी वाटत नाही.

१९३९मध्ये 'टम्बलवीड्स' पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा हार्टने सुरुवातीला आपलं मनोगत जोडलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा हार्ट न्यूहॉलच्या आपल्या रँचवर उभा राहून बोलतो. मुरलेल्या नटाचा भारदस्त आवाज, आणि घोडदौडीच्या आठवणी सांगताना दाटून आलेला गळा. ते मनोगत आधी पाहू नका. चित्रपट संपल्यावर पाहा.