‘फक्त अडीच टक्के’, पण कोणाचे?

विमानप्रवासाची बाजू घेणारा एक युक्तिवाद सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: जगाच्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा जेमतेम अडीच टक्के, मग सामान्य माणसाच्या सुट्टीवर डोळा कशाला? पर्यटन आटलं तर गरीब देशच उपाशी मरतील. ज्याला फार टोचणी लागली असेल त्याने तिकिटासोबत ऑफसेट, म्हणजे दुसरीकडे कुणीतरी केलेल्या उत्सर्जन-कपातीची पावती, विकत घ्यावा, आणि कमी कार्बनचं नवं इंधन तर येतंच आहे. थोडक्यात, हवामान-न्याय, म्हणजे ज्याने जास्त धूर सोडला त्याने जास्त भार उचलावा ही मागणी, हे पोट भरलेल्यांचं खूळ.

वाचायला खुसखुशीत आहे. आता एकेक मुद्दा घेऊ.

अडीच टक्के हा आकडा खोटा नाही. मेख तिथेच आहे. तो फक्त कार्बन डायऑक्साइडचा. विमानं उंचावर नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतात, मागे पांढऱ्या रेघा ओढतात, आणि त्या रेघांपासून पसरणारे ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात. हे सगळं धरलं की माणसामुळे होणाऱ्या तापमानवाढीतला विमानांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय पर्यटन म्हणजे नुसतं विमान नव्हे. हॉटेलं, गाड्या, जहाजं, खाणंपिणं, खरेदी असं सगळं मोजणाऱ्या एका अभ्यासाने २०१९ सालचा पर्यटनाचा वाटा ८.८ टक्के काढला. त्याआधीची दहा वर्षं हे उत्सर्जन वर्षाला साडेतीन टक्क्यांनी वाढत होतं, म्हणजे जागतिक अर्थव्यवस्थेचं एकूण उत्सर्जन वाढत होतं त्याच्या साधारण दुप्पट वेगाने.

पण टक्क्यांचं हे भांडण बाजूला ठेवलं तरी चालेल. खरा घोळ ‘सामान्य माणूस’ या शब्दात आहे.

स्टेफान गॉसलिंग आणि आंद्रेयास हुम्पे या संशोधकांनी २०१८ सालाचा हिशेब मांडला. त्या वर्षी जगातल्या सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानात पाऊल ठेवलं. देशाबाहेर उडालेले फार तर ४ टक्के. आणि प्रवासी विमानांच्या एकूण उत्सर्जनातलं निम्मं केवळ १ टक्का लोकांच्या नावावर. म्हणजे दहातले जवळजवळ नऊ जण त्या वर्षी विमानात बसलेच नाहीत, आणि अडीच टक्क्यांचा दाखला मात्र त्यांच्या सुट्टीच्या नावाने दिला जातो! विमानाच्या आतही समता नाही. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासानुसार बिझनेस क्लासच्या आसनामागचं उत्सर्जन इकॉनॉमीच्या साधारण तिप्पट असतं, आणि फर्स्ट क्लासचं तर नऊपटीपर्यंत जाऊ शकतं. कारण साधं आहे. पाय पसरून झोपायला लागणारी जागा म्हणजे न बसवलेल्या तीन-चार माणसांची जागा. मीही विमानाने फिरलो आहे, तेव्हा सोवळ्यात असल्याचा आव आणत नाही. पण वर्षा-दोन वर्षांनी घरच्यांना भेटायला उडणारा आणि दर आठवड्याला खासगी जेट काढणारा, या दोघांना एकाच टक्क्यात कोंबणं म्हणजे दुसऱ्याला पहिल्याच्या पाठीआड लपवणं आहे.

त्यात करांची गंमत. स्कूटरमध्ये पेट्रोल भरणारा त्यावर कर देतो. आंतरराष्ट्रीय विमानाचं इंधन मात्र जवळपास सगळीकडे करमुक्त. याचं मूळ १९४४ च्या शिकागो करारात आहे: विमानाच्या टाकीत आधीच असलेल्या इंधनावर उतरलेल्या देशाने जकात लावायची नाही. पुढे देशादेशांतल्या करारांनी ही सवलत तिथे भरलेल्या इंधनापर्यंत ताणली.

आता ‘गरीब देश उपाशी मरतील’ हा मुद्दा. यात तथ्य आहे, ते नाकारणार नाही. २०२० मध्ये परदेशी पर्यटकांची संख्या सत्तर टक्क्यांहून जास्त घसरली, तेव्हा पर्यटनावर जगणाऱ्या बेटांचं कंबरडं मोडलं. त्यामुळे ‘विमानं बंद करा’ असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण पैसा येतो म्हणजे तो तिथेच राहतो असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेचा जुना अंदाज सांगतो की लहान अर्थव्यवस्थांत पर्यटनाच्या कमाईतले ४० ते ५० टक्के आयातीच्या वाटेने बाहेर जातात. हॉटेलची मालकी परदेशी असली तर नफ्याची वाट आणखी वेगळी.

बार्बुडाचं उदाहरण बघा. कॅरिबियनमधलं सपाट, चुनखडीचं बेट. वस्ती एकच, कॉड्रिंग्टन. अँटिग्वा आणि बार्बुडा या देशाचा जगाच्या उत्सर्जनातला वाटा टक्क्यांत लिहायचा तर दशांश चिन्हानंतर दोन शून्यं द्यावी लागतात. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ बेटावरून गेलं आणि बहुतेक घरं मोडून पडली. मागोमाग दुसरं वादळ येत होतं, म्हणून सगळ्यांना अँटिग्वात हलवलं. सुमारे तीनशे वर्षांत पहिल्यांदा बेटावर माणूस उरला नाही.

गुलामगिरी संपल्यापासून इथली जमीन सामाईक. कुणी एक मालक नाही. २००७ च्या कायद्याने या वहिवाटीला शिक्काही दिला होता. लोक छावण्यांत असतानाच बेटावर बुलडोझर फिरू लागले, आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या धावपट्टीसाठी झाडं कापायला. घरं बांधायला नव्हे. काम चालू असताना धावपट्टीखाली गुहा निघाल्या, तरी प्रकल्प थांबला नाही. सामाईक जमिनीचा कायदाही सरकारने बदलला. लोक लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे या देशाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेले. २०२२ मध्ये जमिनीचा दावा हरले. विमानतळ २०२४ मध्ये सुरू झाला. बेटावर आलिशान रिसॉर्टं उभी राहत आहेत. पर्यटनाने गरीब बेट जगवलं असं याला म्हणायचं असेल तर कोणाला जगवलं तेही सांगावं लागेल.

ऑफसेट. एखाद्याने धूर सोडायचा आणि दुसऱ्या कुणीतरी झाडं राखायची, असा हा व्यवहार. २०१६ मध्ये जर्मनीतल्या ओको-इन्स्टिट्यूटने क्योटो कराराखालचे ऑफसेट प्रकल्प तपासले, तेव्हा ८५ टक्के प्रकल्पांतली कपात खरोखर नवी आणि न फुगवलेली असण्याची शक्यता कमी निघाली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या बूटलेग वणव्यात ऑफसेट म्हणून विकलेलं जंगलच पेटलं. धूर हवेत राहिला, पावती हातात. आंतरराष्ट्रीय विमानसेवेची ‘कोर्सिया’ ही अधिकृत योजनाही याच ऑफसेटवर टेकलेली आहे. २०१९ च्या ८५ टक्के पातळीवर जे जाईल त्याचाच हिशेब ती मागते, आणि तिच्या बंधनकारक टप्प्याची सुरुवात २०२७ पासून, तीही काही लहान आणि गरीब देशांना सूट देऊन.

नव्या इंधनाबद्दल फार बोलायला नको. २०२४ मध्ये ते जगाच्या एकूण विमान-इंधनात ०.३ टक्के होतं, आणि हा आकडा विमान कंपन्यांच्याच संघटनेचा आहे.

‘तिकिटावर कर लावला की पर्यटन बुडतं’ असंही या युक्तिवादाच्या शेपटीला जोडलेलं असतं. फ्रान्सने २००६ पासून विमान तिकिटांवर एकजूट-कर घेतला. पैसा एचआयव्ही, क्षय आणि मलेरियाच्या औषधांकडे वळला, बिझनेस क्लासला दर जास्त. फ्रान्स आजही जगात सर्वाधिक पर्यटक येणाऱ्या देशांत आहे. जून २०२५ मध्ये सेव्हिलच्या परिषदेत आठ देशांनी महागड्या आसनांवर आणि खासगी जेटवर असाच कर लावण्यासाठी आघाडी जाहीर केली. त्यात फ्रान्स, स्पेन, केनिया आहेत, बार्बाडोस आहे. आणि अँटिग्वा-बार्बुडाही आहे: ज्या सरकारने ती धावपट्टी रेटली, तेच.